पहिलं अंगडं

"शिरा नीट टोच गं. मागच्या वेळी आत रक्त राहिलं होतं म्हणे. मला ऐकून घ्यावं लागलं," शू सिस्टर दारातूनच म्हणाल्या. बाळंतपणाच्या खोलीमागच्या त्या ओल्या मोरीत पाय ठेवायला त्या कधी तयार नसत.

लानझीने मान हलवली आणि सुई उचलली. वार अजून कोमट होती. नळाचं पाणी बर्फासारखं, आणि त्यात हा जांभळा, जड, कोमट गोळा. एका हाताने तो ताणून धरायचा, दुसऱ्या हाताने एकेक शीर टोचायची आणि अंगठ्याने दाबत दाबत रक्त बाहेर काढायचं. पाणी नितळ होईपर्यंत.

रक्ताची तिला किळस नव्हती. या जिल्ह्याच्या दवाखान्यात आयाचं काम करायला लागल्यापासून तिने सगळं उपसलं होतं. बायकांची घाण, पोरांची घाण, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांच्या ओकाऱ्या. त्याचं काही वाटत नसे. हात धुतले की संपलं. पण ही सुई हातात घेतली की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. जोवर बाईच्या पोटातून येत होती तोवर ती वार होती. सुई टोचायला लागलं की तिचं मटण व्हायचं.

"झालं का? ड्रायव्हर थांबलाय खाली."

"झालं."

"ओउयांगबाईंची आहे, पिशवी दुहेरी लाव. आणि बर्फ घाल थोडा."

ओउयांगबाई म्हणजे नगर बांधकाम कार्यालयाच्या साहेबांची बायको. दवाखान्याची नवी इमारत साहेबांच्या सहीवाचून अडली होती, त्यामुळे बाईंना जे हवं ते सगळ्यांत आधी मिळे. त्यांना पहिलटकरणीची वार हवी होती, तीही डोंगरातल्या पोरीची. शहरातल्या पोरींच्या अंगात काही कस राहिला नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून शू सिस्टर कधीच्या वाट बघत होत्या. पहाटे ट्रॅक्टरमधून वरच्या गावची मिआओ जमातीची एक पोर आणली. मूल आडवं आलं होतं. पोर वाचली, मुलगी झाली, तीही धडधाकट. शू सिस्टरच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला, तो या दोघींसाठी नव्हता.

लानझीने पिशवीला गाठ मारली आणि हात धुतले. पुन्हा धुतले.

या गोष्टीशी तिची ओळख दवाखान्यात झाली नव्हती. लग्नाला वर्षं उलटली तरी मूल होईना, तेव्हा सासूबाईंनी उपाय सुरू केले होते. काळे काढे, वाळवलेल्या समुद्रघोड्याची पूड, पोटावर धुमसणाऱ्या पाल्याच्या कांड्या, ज्यांचा डाग अजून बेंबीखाली होता. ते सगळं तिने सोसलं. मग एका थंडीत जेवणात खिम्याचे गोळे यायला लागले. कोंबडीच्या रश्श्यात, वर कांद्याची पात. सासू आपल्याला एवढं चांगलंचुंगलं करून घालते, याचं तिला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. तिने शेजारणीजवळ सासूचं कौतुक केलं, तेव्हा शेजारीण गालात हसली.

"मग, आला का काही गुण? माझ्या भाचीची होती ती. पहिलटकरीण. पोर अशी गुटगुटीत झालीय!"

लानझीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती परसात पळाली. सासूबाई मागून येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता ओकून काय उपयोग? महिना झाला खाऊन."

"आई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस? औषध आहे ते. वैद्य लिहून देतात. बादशहाच्या राण्या खायच्या. तू कोण मोठी राणीच्या वरची?"

मूल झालंच नाही. पण तेव्हापासून खिमा तिच्या घशाखाली उतरत नव्हता. पुढे नवऱ्याच्या मामाने चिकटवून दिलेली नोकरी नेमकी बाळंतपणाच्या वॉर्डातली निघाली. पहिल्याच आठवड्यात शू सिस्टरनी तिला ती मोरी आणि सुई दाखवली. नोकरी सोडायची तर घरी सासूसमोर बसायचं. तिने सुई घेतली.

दारात किती लोक यायचे! शाळेचे मुख्याध्यापक दम्यासाठी, शिंप्याची बायको कंबरेसाठी, कोणी आजारी बापासाठी, आणि कितीतरी जणी नुसतीच गालावर तुकतुकी यावी म्हणून. कोणी रिकाम्या हाताने येत नसे. शू सिस्टरच्या टेबलाखाली सिगारेटची खोकी आणि संत्र्यांच्या पिशव्या साठायच्या. डबा हातात घेताना मात्र एकही माणूस लानझीच्या डोळ्यांत बघत नसे. जणू तिनेच त्यांना काहीतरी घाणेरडं करताना पकडलं होतं. आणि ती तरी काय वेगळी? धुऊन देणारीच ना ती.

दुपारी त्या मिआओ पोरीची सासू वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्याला काळं फडकं गुंडाळलेलं, कानांत चांदीच्या जड रिंगा. हातात घरी विणलेल्या तागाच्या कापडाचा तुकडा होता, धुतलेला, चार घड्या घातलेला.

"वार द्या," ती म्हणाली. तिची चिनी भाषा मोडकी होती, पण आवाज स्पष्ट होता. "नातीची. घरी न्यायची."

शू सिस्टरनी वर पाहिलंही नाही. "ती जाळून टाकतो आम्ही. नियम आहे तसा."

"जाळली?"

"हो, जाळली. भट्टीत. जा आजी, सुनेला पेज पाजा."

म्हातारी गेली. लानझी पाण्याच्या बादल्या घेऊन मागच्या जिन्याने उतरली, तर ती तिथे पायरीवर बसलेली. समोर दवाखान्याची भट्टी, तिचं काळं धुराडं.

"मावशी," म्हातारीने हाक मारली. "खोटं बोलली ती."

लानझीने बादल्या खाली ठेवल्या.

"मी सकाळपासून इथं बसलेय. पोरीला आत नेलं तेव्हापासून. धुराडं बघतेय. धूर नाही आला."

"उद्या जाळतील," लानझी पुटपुटली.

"उद्या नको. आज मला द्या. जाळायची नसते ती." म्हातारीने कापड मांडीवर पसरलं आणि हाताने सारखं केलं, जणू त्यावर काही ठेवायचंच आहे. "तुम्ही लोक काय म्हणता तिला?"

"वार."

"आम्ही अंगडं म्हणतो. माणसाचं पहिलं अंगडं. मुलगा असला तर घराच्या मधल्या खांबाखाली पुरायचं. मुलगी असली तर आईच्या खाटेखाली. मग ती मोठी होते, लग्न होतं, कुठंही जाते. शहरात जाते. मरते. मेली की जीव मागं फिरतो. ज्या ज्या गावी राहिली, त्या सगळ्या गावांतून मागं मागं जातो, शेवटी जन्मली त्या घरी. तिथं जमिनीतून आपलं अंगडं काढतो, अंगात घालतो. मग पूर्वज ओळखतात, म्हणतात, ये, ही आपली. अंगडं नसेल तर कोण ओळखणार? नागडा जीव. फिरत राहतो."

ती हे सांगत होती ते एखाद्या आजीने घरातली कुठली वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं.

"माझा मुलगा लांब, क्वांगतुंगला आहे. बुटांच्या कारखान्यात," ती पुढे म्हणाली. "त्याला मी काय सांगू? तुझ्या पोरीचं अंगडं कुठं गेलं?"

लानझीने बादल्या उचलल्या. जिना चढताना तिच्या लक्षात आलं, की आपली बोटं अजून ओली आहेत आणि आपण ती पुन्हापुन्हा एप्रनला पुसतो आहोत. एवढ्या वर्षांत किती अंगडी या हातांखालून गेली, हे तिने मोजलं नव्हतं. मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

तळमजल्यावर जुन्या औषधांचा विभाग होता. भिंतभर लहान लहान खण, आणि त्यांच्यापुढे वैद्य तान तराजू हातात धरून बसलेले. डोक्यावरचे केस गेलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. वाळवलेल्या वारांची पूड त्यांच्याच खणात असायची. चिठ्ठीवर तिला 'जांभळ्या नदीची गाडी' असं सुरेख नाव लिहिलेलं असे, आणि घेणारे ते नाव मोठ्याने वाचत.

"वैद्यबुवा, ओउयांगबाईंना ती वार तुम्ही लिहून दिली होती का?"

तानांनी तराजू खाली ठेवला. "का गं?"

"विचारतेय."

"मी त्यांना डांगशेन दिलं, हुआंगची दिलं, खजूर दिले. साधी मुळं. अशक्तपणा नाहीच त्यांना, नुसतं दुपारी झोपणं आणि रात्री पत्ते. त्यापलीकडचं त्यांनी स्वतःच ठरवलं. माझं नाव मात्र सगळीकडे सांगतात."

"मग तुम्ही नाही का म्हणत नाही?"

"कोणाला? त्यांच्या नवऱ्याला?" तान कोरडं हसले. "जुन्या पोथ्यांत आहे गं हे औषध. क्षयाला, वांझपणाला. चांगल्या चांगल्या वैद्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्यातल्याच काहींनी हेही लिहून ठेवलंय, की माणसाने माणसाचं अंग खाऊन बरं होऊ नये. पण ते पान काढून दाखवावं, तर लोक म्हणतात, बुवा, चिठ्ठी लिहा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी चिठ्ठी लिहितो. काय करू?"

लानझीला त्यांचीही शिसारी आली. माणूस चांगला होता, आणि म्हणूनच जास्त आली.

काम संपल्यावर ती नदीकाठच्या नव्या वसाहतीत गेली. ओउयांगबाईंनी स्वतःच दार उघडलं. चेहऱ्यावर मलमाचा पांढरा थर, पायांत मऊ सपाता.

"दवाखान्यातली मावशी ना तू? काही द्यायचं राहिलं होतं का? ये, आत ये, बूट काढ. चहा टाकते."

स्वयंपाकघरातच बोलवलं त्यांनी. ओट्यावर एनॅमलचं तसराळं होतं. त्यात तांदळाची दारू, आल्याच्या चकत्या, तिरफळं, आणि मध्ये ती. बाजूच्या पाटावर सुरी. शेगडीवर कोंबडी उकळत होती आणि खिडकीत एक लठ्ठ मांजर नाक वर करून बसलं होतं.

"वास काही जात नाही बघ हिचा. दारू ओतली, तिरफळं घातली, तरी आहेच. तुम्ही लोक नीट धूत नाही."

लानझीने तसराळ्यात पाहिलं. "एवढीच आहे?"

"अर्धी माझ्या बहिणीने नेली दुपारच्या बोटीने. तिच्या सुनेला दिवस राहत नाहीत. आणि एक कोपरा मी सकाळी अंड्यात घालून खाल्ला. ताजं असताना खाल्लं की लगेच लागतं म्हणतात. बघ, इथे बघ, गाल. काही फरक वाटतो?"

त्यांनी खरंच मान पुढे करून दिव्याखाली गाल धरला. मलमाखालून त्यांची कातडी चमकत होती.

"बाई, ती परत हवी आहे."

"काय?"

"ज्यांची आहे त्यांना. ती म्हातारी मागतेय. त्यांच्यात ती पुरतात, पोरीच्या आईच्या खाटेखाली. तिथे ती नसली तर त्यांना..."

ओउयांगबाई मोठमोठ्याने हसायला लागल्या. "अगं बये! पुरायला मागतेय? एवढी चांगली चीज मातीत घालायची? त्या डोंगरातल्यांना काय कळतंय. कचऱ्यात जायची वस्तू ती, माझ्या अंगी तरी लागेल. जा, शू सिस्टरला सांग, म्हातारीला एक साबणाची वडी दे म्हणावं."

लानझी तिथेच उभी राहिली. ही बाई वाईट नव्हती. तिने बूट काढायला सांगितले होते, चहा टाकते म्हणाली होती. भूक लागलेल्या माणसाने खावं तसं ती खात नव्हती, एवढंच. पोट भरलेलं असताना दुसऱ्याच्या पोटातलं काढून, दारूत बुडवून, आरशात बघत खात होती. आणि कोंबडी उकळत होती, आणि मांजर मिटक्या मारत होतं.

"मी खरं सांगते तुम्हाला," लानझी म्हणाली. तिच्याच कानांना तिचा आवाज अनोळखी वाटला. "सिस्टरनी सांगायला नको म्हणून सांगितलंय. त्या पोरीच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. कावीळ आहे. रक्तातली."

ओउयांगबाईंचा हात गालावरून खाली आला.

"कोणाला?"

"त्या मिआओ पोरीला. म्हणून मी आले. अजून शिजवली नसेल म्हणून धावत आले."

"मी खाल्लंय!" बाई किंचाळल्या. "मी सकाळी खाल्लंय!"

त्या मोरीकडे धावल्या. घशात बोटं घालण्याचा आवाज आला, मग नळाचा, मग पुन्हा बोटांचा. लानझीने कितीतरी वर्षांपूर्वी परसात जो आवाज केला होता, तसाच. तिला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. क्षणभर वाटलंही. मग तेही घाण वाटायला लागलं.

"ने ते!" आतून ओरडणं आलं. "तसराळ्यासकट ने! माझ्या नजरेसमोर नको! बहिणीला फोन लावते मी, गटारात टाक म्हणते..."

रस्त्यावर आल्यावर, तसराळं छातीशी धरून चालताना, लानझीला ते शब्द नीट ऐकू आले. गटारात टाक म्हणते. उरलेलं अर्धं बोटीतून कुठल्या तरी गावी गेलं होतं, कुठल्या तरी पोरीच्या भांड्यात ते उतरणार होतं. ते परत मिळणं शक्य नव्हतंच. पण आता ते गटारात जाणार होतं ते तिच्या तोंडच्या शब्दांनी. आणि ज्या पोरीने सकाळी जीव मुठीत धरून मूल जन्माला घातलं, तिच्या नावावर रोगही लावून झाला होता.

म्हातारी अजून पायरीवर होती. उजेड कमी झाला होता, तरी तिने लगेच ओळखलं. तिने तसराळ्यावर वाकून वास घेतला.

"दारू."

"हो."

"आलं."

म्हातारी उठली, अंगणातल्या नळाशी गेली आणि वार धुवायला लागली. सुईने नाही, दाबून नाही. बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालतात तसं, तळहाताने, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत. तिरफळाचे दाणे तिने एकेक करून वेचून टाकले. मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"अर्धं आहे."

"हो."

"दुसरं?"

"गेलं."

"खाल्लं?"

खोटं बोलायची तिची ताकद आजच्यापुरती संपली होती. "थोडं खाल्लं. बाकीचं गटारात."

म्हातारी जमिनीवर थुंकली. लानझीवर नाही, पण तिच्या पायांपासून लांबही नाही. मग तिने मान वर करून लानझीकडे पाहिलं.

"तूही खातेस?"

"एकदा. सासूने घातलं. मला सांगितलं नव्हतं."

म्हातारीने तागाचं कापड पायरीवर पसरलं, वार त्यावर ठेवली आणि घड्या घातल्या. "अर्ध्या अंगड्यात थंडी वाजेल तिला," ती स्वतःशीच म्हणाली. "पण ओळखतील. ओळखण्यापुरतं आहे." बांधलेली पुरचुंडी तिने अंगरख्याच्या आत, पोटाशी ठेवली.

"तुझं कुठं पुरलंय?"

"काय?"

"तुझं अंगडं."

"माहीत नाही."

"आई आहे?"

"आहे. नदीपलीकडे."

"विचार तिला. म्हातारी माणसं एक दिवस जातात. मग कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. बाळंतीण पोर अजून नीट उभी राहत नव्हती, तरी म्हातारीने तिला तिथे ठेवलं नाही. जाताना पोर लानझीकडे बघून हसली. तिला यातलं काहीच सांगितलं नसावं.

ओउयांगबाईंच्या रक्तात काही निघालं नाही. त्यांनी त्या पोरीचा रिपोर्ट मागवला, त्यातही काही निघालं नाही. शू सिस्टरनी लानझीला बोलावलं, तेव्हा मोरीत पाय ठेवायला त्या पहिल्यांदाच तयार झाल्या, कारण बाकी कुठे ओरडता येत नव्हतं.

"तोंड काळं केलंस माझं! इतकी वर्षं तुला सांभाळून घेतलं, आणि एका जंगली म्हातारीसाठी? कोण लागते ती तुझी?"

"कोणी नाही."

"मग?"

लानझीला उत्तर येत नव्हतं असं नाही. पण ते सिस्टरना सांगणं म्हणजे मोरीत ओतणं होतं. तिने सुई फडताळात ठेवली. तिची बदली धुण्याच्या खोलीत झाली, तळघरात. तिथे वाफ होती, सोड्याने हात फुटत होते, आणि कोणी डबा घेऊन येत नव्हतं. मोरीत दुसरी आया आली. सुई तिला मिळाली.

घरी सासूबाईंना बातमी आधीच लागली होती.

"वरच्या मजल्यावरची नोकरी घालवून तळघरात गेलीस. कशासाठी, तर वारेसाठी. स्वतःला एक मूल झालं नाही, आणि दुसऱ्यांच्या पुरत फिरतेय."

"आई," लानझी म्हणाली, "यापुढे माझं ताट मीच वाढून घेईन."



सुट्टीच्या दिवशी ती नदी ओलांडून माहेरी गेली. आई अंगणात बाकावर बसून मटार सोलत होती. पाठीत वाकलेली, तोंडात मोजके दात, ऊन सरकेल तशी बाक सरकवत जाणारी. लानझी शेजारी बसली आणि एक शेंग उचलली. बराच वेळ दोघी सोलत राहिल्या.

"आई, माझी वार कुठे पुरली गं?"

आईचे हात थांबले नाहीत. "हे काय नवीन?"

"कोणीतरी विचारलं."

"कोणाला कशाला पडलंय?" आईने एक कीडकी शेंग कोंबड्यांकडे फेकली. "तुझ्या भावांच्या होत्या त्या दाराशी पुरल्या. तिकडे, उंबऱ्याच्या उजवीकडे."

"आणि माझी?"

आईने पुढची शेंग उचलली. कोंबड्या त्या शेंगेवरून भांडत होत्या. लानझीला वाटलं, मुलगी म्हणून फेकून दिली असेल. नदीत असेल. कुत्र्याने नेली असेल. तिने मनाची तयारी केली.

"तू साठ सालच्या हिवाळ्यातली, मोठ्या दुष्काळातली," आई म्हणाली. "तुला काय ठाऊक असणार. झाडांच्या साली संपल्या होत्या गावात. एक प्रकारची पांढरी माती खायचे लोक, आणि पोट फुगून मरायचे. तुझे आजोबा गेले, धाकटा काका गेला. आणि अशात तू. मांजराच्या पिलाएवढी. माझ्या अंगात थेंबभर दूध नाही. तू रडतसुद्धा नव्हतीस, नुसतं तोंड उघडायचीस."

तिने मटाराचे दाणे टोपलीत टाकले.

"तुझ्या आजीने रात्री चूल पेटवली. घरात शिजवायला काही नव्हतं, तरी पेटवली. मीठही नव्हतं. वाडगं आणून माझ्या हातात दिलं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं. मी खाल्लं. सगळं खाल्लं, वाडगं चाटून घेतलं." आईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मग दूध आलं."

लानझीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने ओळखीच्या ओकारीची वाट पाहिली. घशाशी आंबट पाणी येण्याची, तोंड फिरवण्याची. ती आली नाही. छातीत दुसरंच काहीतरी भरून आलं, आणि त्याला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं.

"चव कशी होती?" तिने विचारलं. आपण हे का विचारलं ते तिलाच कळलं नाही.

"चव कोण बघतंय," आई म्हणाली. "तू चोखत होतीस ते बघत होते." मग तिने बाकावरून हात लांब केला, लानझीच्या मनगटाला धरलं आणि सोड्याने फुटलेला तिचा तळहात उजेडात धरून पाहिला. "हे काय करून घेतलंयस? तेल लावत नाहीस का?"

"लावते."

"कुठे लावतेस. आण ती बाटली आतून."

लानझी बाटली घेऊन आली. आईने तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि भेगांमध्ये तेल जिरवत बसली. एकेक बोट, सावकाश. ऊन अंगणातून निघून भिंतीवर गेलं. दोघींपैकी कोणीही बाक सरकवला नाही.